भिंतीतले एकवीस बोल्ट

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सातेरी चुना मारतो
शेडच्या रस्त्याकडच्या भिंतीला,
दोन हात, निळीची चिमूट टाकून.
संक्रांतीपर्यंत डाग परत येतात.
तेच. तिथेच. एकवीस.
मी हजेरीचा कारकून, मोजायची खोड आहे.

उद्यमबागेत थंडी पहाटे चारला उतरते,
आमची भट्टी तेव्हाच ऐन रंगात असते.
रस ओतला की धूर सरळ वर जातो,
पत्र्याला डोकं आपटून पसरतो,
निवत निवत भिंतीच्या अंगानं खाली येतो
आणि पुन्हा भट्टीच्या पायाशी जाऊन उभा राहतो.
वीस वर्षं हे मी टेबलावरून बघतोय.
बघणं म्हणजे कळणं नव्हे.

कळलं यंदा, सिद्धलिंगमुळं.
हुक्केरीचा पोर, डिप्लोमा करून शिकायला आलेला.
मराठी बोलताना तो क्रियापद शोधत थांबतो,
कन्नड बोलताना मी सगळंच शोधत थांबतो.
चहाचा ग्लास खाली ठेवून म्हणाला,
"काजळीचा कण म्हणजे काय, हलकं पोरगं.
गरम बाजूची हवा त्याला जोरात मारते,
थंड बाजूची हळू.
मार खात खात ते थंडीकडं सरकतंय.
भिंत ओढत नाही त्याला, साहेब.
कुणीच ओढत नाही."

मग वर बोट केलं.
पत्रा काळाकुट्ट,
पण जिथं लाकडी वासे टेकलेत
तिथं कडेनं उजळ पट्ट्या.
लाकूड ऊब धरून बसतं, काजळी तिथं कमी थांबते.
"आणि हे ठिपके?"
"लोखंड आरपार असणार. रस्त्यावरची थंडी आत आणालंय."

आरपार आहेच.

बाहेरून एके काळी नाव होतं कारखान्याचं,
हातभर उंच ओतीव अक्षरं,
इथल्याच वाळूत, शट्टुप्पा मिस्त्रीनं साचा धरून काढलेली.
वेलांटी तीनदा फुटली होती, चौथ्यांदा जमली.
मग पाटी बदलायचा कागद आला.
अक्षरं उतरवली, बोल्ट निघेनात,
गिलावा ढासळेल म्हणून डोकी कापून वर सिमेंट थापलं.
अक्षरं त्याच आठवड्यात भट्टीत गेली.
पंपांची घरं झाली असतील त्यांची,
कुठल्या विहिरीवर कोण जाणे,
नदीच्या अलीकडं की पलीकडं.

एका दुपारी लाईट गेली तेव्हा
मी पेन्सिलनं ठिपके जोडत बसलो.
पहिल्या पाचांतून अक्षर निघालं, पुढं अडलं,
कुठला बोल्ट काना धरून होता ते आठवेना.
सिद्धलिंगनं पेन्सिल घेतली
आणि त्याच एकविसांतून, हात न उचलता,
त्याची आई उंबऱ्याबाहेर काढते ती रांगोळी काढली.
चुकली नाही कुठं.
मला राग यायला हवा होता काय, ठरवेपर्यंत लाईट आली.

काजळीला मी लहानपणापासून मस म्हणतो.
ते म्हणतात मसी.

फाल्गुनात बाहेरची भिंत तापते,
बोल्ट आतल्यापेक्षा गरम होतात,
ठिपके वाढायचे थांबतात.
थांबतात, एवढंच. जे बसलं ते उठून जात नाही,
ऊन उलटलं तरी.
सातेरी विचारतो, "आत्ताच मारू काय एक हात?"
मी म्हणतो, "राहू दे की नवमीपर्यंत."

काल पहाटे पाळी सुरू व्हायच्या आधी
सातव्या ठिपक्यावर अंगठा टेकवला.
भिंतीहून थोडा जास्त गार होता, थोडाच.
मग मस्टर उघडलं, पान उलटलं,
आणि बघतो तर अंगठा उठलेला,
काळा, गोल, रेषांसकट,
कुणाच्याच नावासमोर नाही,
समासात.